इंजिन थांबलं, धावपट्टी मागे राहिली

5 मार्च 2015ची दुपार. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून उघड्या कॉकपिटचं एक जुनं विमान समुद्राच्या दिशेनं उडालं. 1942 सालचं रायन पीटी-22, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नवशिक्या वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरलं जाणारं. चालवत होता अभिनेता हॅरिसन फोर्ड, वय 72. थोडी उंची गाठली न गाठली तोच इंजिनाचा दम गेला. त्यानं टॉवरला कळवलं, इंजिन गेलंय, लगेच परत यायचंय. टॉवरनं 21 क्रमांकाची धावपट्टी मोकळी करून दिली. तो म्हणाला, मी तीनवर येतोय.

खरं तर पट्टी एकच. 21 म्हणजे तिच्यावर होकायंत्राच्या साधारण 210 अंशाकडे तोंड करून उतरायचं आणि 3 म्हणजे त्याच्या बरोबर उलट, 30 अंशाकडे. उड्डाण 21वरून झालं होतं. त्यामुळे ‘तीनवर येतोय’ याचा अर्थ, सरळ मागे वळतोय. छोट्या विमानांच्या जगात याच वळणाची सगळ्यात जास्त धास्ती असते.

इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्या गाडीसारखं ते हवेतून उतार उतरत राहतं. सेसना 172 हे चार आसनी विमान एक मीटर खाली येताना साधारण नऊ मीटर पुढे जातं. हाताशी असलेली उंची हीच तेव्हाची सगळी पुंजी, आणि वळताना ती झपाट्यानं संपते.

किती, ते पाहू. ताशी 130 किलोमीटर वेगानं जाणारं विमान पंख 30 अंश कलवून वळलं, तर त्याच्या वर्तुळाची त्रिज्या साधारण 230 मीटर भरते. अर्धं वर्तुळ पुरं होईपर्यंत वीस सेकंद जातात. एवढं करून तोंड धावपट्टीकडे वळतं, पण विमान पट्टीच्या बाजूला जवळजवळ अर्धा किलोमीटर सरकलेलं असतं. म्हणजे आणखी वळायचं, मग पट्टीच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा उलट वळायचं. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध केलेलं असतं. परतताना तोच वारा पाठीशी येतो आणि जमिनीवर टेकतानाचा वेग वाढवतो.

मग चटकन, जास्त कलून का वळू नये? खरा घात इथेच होतो. 60 अंश कललेल्या स्थिर वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो. सरळ उडताना जे विमान ताशी 80 किलोमीटरपर्यंत हवेत टिकतं, त्याला आता 113 लागतात. त्याखाली वेग गेला की पंखांवरून वाहणारा हवेचा प्रवाह सुटतो. याला ‘स्टॉल’ म्हणतात. बऱ्याचदा एक पंख आधी दगा देतो, विमान गिरकी घेतं, आणि सावरायला खाली जागाच उरलेली नसते. इंजिन बंद पडूनही जगू शकली असती अशी माणसं या वळणात गेली आहेत. म्हणून वैमानिकांना शिकवताना पुन्हा पुन्हा घोकून घेतात: उंची कमी असेल तर नाक खाली कर, वेग राख, समोर जे मोकळं दिसेल तिथे उतर.

फोर्डनं आधी वळायला सुरुवात केली. पण पट्टीपर्यंत पोचत नाही हे कळल्यावर त्यानं तिचा नाद सोडला आणि विमानतळाला लागूनच असलेलं पेनमार गोल्फ मैदान निवडलं. विमान एका झाडाच्या शेंड्याला घासून हिरवळीवर आदळलं. तो चांगलाच जखमी झाला, पण वाचला. डोळ्यांसमोर दिसणारी धावपट्टी त्या क्षणी सोडून देणं मला या घटनेतली सगळ्यात अवघड गोष्ट वाटते.

बिघाड सापडला तो कार्बोरेटरमध्ये. जुन्या स्कूटरचा कार्बोरेटर उघडून साफ करताना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ‘जेट’ माहीत असेल: बारीक भोकाचा छोटासा पितळी भाग, मेकॅनिक फुंकर मारून साफ करतो तो. किती इंधन जायचं ते हे भोक ठरवतं. त्या विमानाच्या कार्बोरेटरमधलं मुख्य जेट आपल्या जागेवरून सैल होऊन फिरलं होतं. इंधन भरमसाट जाऊ लागलं, हवेचं प्रमाण बिघडलं आणि इंजिन गुदमरलं. पेट्रोल ‘ओव्हर’ होऊन गाडी बंद पडते, तोच प्रकार. हा कार्बोरेटर विमानाची डागडुजी झाली तेव्हा, अपघाताच्या सुमारे 17 वर्षं आधी, नव्यानं जुळवलेला होता. जेट घट्ट आहे का हे ठरावीक काळानं तपासा, अशी सूचना देखभालीच्या कागदपत्रांत नव्हती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आणखी एक गोष्ट पुढे आली. खांद्यावरचा पट्टा आसनाच्या पाठीच्या पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बोल्टनं जोडला होता, मागून कसलाही आधार न देता. विमान आदळलं तेव्हा तो बोल्ट वॉशर-नटासकट पत्रा फाडून निघाला, आणि फोर्डला झालेली दुखापत त्यामुळे वाढली.