अभियांत्रिकी शिक्षणातील गेमिफिकेशन

गुण, पातळ्या, बॅज, गुणफलक, आव्हाने अशी खेळांच्या रचनेतली अंगे अभ्यासक्रमात वापरून विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवण्याची पद्धत. सेबास्टियन डिटरडिंग व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये केलेली ‘खेळ नसलेल्या संदर्भात खेळरचनेच्या घटकांचा वापर’ ही व्याख्या सर्वसाधारणपणे मानली जाते. संपूर्ण खेळच शिकवण्याचे साधन झाला, तर त्याला खेळाधारित शिक्षण म्हणतात. प्रत्यक्ष वर्गात दोन्हींची सरमिसळ होते.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत गणित आणि मेकॅनिक्सची उदाहरणे ढिगाने सोडवावी लागतात, पण त्यांचा उपयोग कुठे होतो हे बराच काळ दिसत नाही. चूक कळते ती पेपर तपासून आल्यावर, आणि तोवर पुढचे युनिट सुरू झालेले असते. खेळात चूक तत्क्षणी दिसते, तिची फारशी किंमत मोजावी लागत नाही आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. या पद्धतीचे खरे बळ इथे आहे, बॅजमध्ये नाही.

अमेरिकेतील नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात ब्रायनो कॉलर यांनी मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यांना न्यूमेरिकल मेथड्स (समीकरणांची उत्तरे आकडेमोडीने काढण्याच्या पद्धती) शिकवण्यासाठी ‘टॉर्क्स’ या मुक्तस्रोत मोटारशर्यतीच्या खेळाचा आधार घेतला. यात विद्यार्थी गाडी स्वतः चालवत नाही. गाडी चालवणारा प्रोग्रॅम सी++ या संगणकभाषेत लिहितो. गाडीचा वेग आणि ट्रॅकवरची जागा प्रोग्रॅमला कळते. स्टिअरिंग किती वळवायचे, गिअर कोणता टाकायचा, ब्रेक कधी दाबायचा हे त्याने ठरवायचे. वळणावर वेग जास्त राहिला की गाडी घसरून ट्रॅकबाहेर जाते. ती का घसरली हे शोधताना समीकरण सोडवण्याची गरज विद्यार्थ्याला स्वतःलाच भासते. कॉलर व स्कॉट यांच्या २००९ मधील अभ्यासात असे विद्यार्थी पारंपरिक पद्धतीने शिकणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट वेळ अभ्यासाला देताना आढळले.

लिस्बनच्या इन्स्टिट्यूटो सुपेरिअर टेक्निको या संस्थेत पदव्युत्तर मल्टिमीडिया विषयाला अनुभवगुण, पातळ्या, बॅज आणि गुणफलक जोडण्यात आले. आधीच्या वर्षांच्या तुलनेत विद्यार्थ्यांचा चर्चेतला सहभाग आणि अभ्याससाहित्याचा वापर वाढला.

उलट निष्कर्षही आहेत आणि ते गंभीरपणे घ्यायला हवेत. हॅनस व फॉक्स यांनी २०१५ मध्ये अभियांत्रिकीबाहेरच्या एका विषयाचे दोन वर्ग सत्रभर तपासले. बॅज आणि गुणफलक असलेल्या वर्गाची प्रेरणा कालांतराने घटली आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी आले. डेसी व रायन या मानसशास्त्रज्ञांच्या स्वनिर्णय सिद्धांतानुसार स्वायत्तता, सक्षमतेची जाणीव आणि आपलेपणा यांवर आंतरिक प्रेरणा पोसली जाते. बाहेरचे बक्षीस नियंत्रण वाटू लागले की ती आटते. सगळ्या वर्गाचे क्रमांक लावणारा गुणफलक तळाच्या विद्यार्थ्यांना आठवड्यागणिक त्यांचे मागे पडणेच दाखवतो. त्यापेक्षा स्वतःची प्रगती दाखवणारी पट्टी किंवा गटाचे गुण अधिक न्याय्य ठरतात.

महाराष्ट्रात या विचाराशी जवळचे नाते आहे ते स्पर्धांचे. आयआयटी मुंबईची ई-यंत्र रोबोटिक्स स्पर्धा २०१२ पासून टप्प्याटप्प्याने कामे देऊन एम्बेडेड सिस्टिम्स (यंत्रांत बसवलेल्या छोट्या संगणकप्रणाली) आणि रोबोटिक्स शिकवते. रोबोकॉन ही रोबोंची आणि बाहा ही खडबडीत रस्त्यांवरच्या गाड्या बनवण्याची स्पर्धा; त्यांसाठी मुले वर्कशॉपमध्ये रात्री जागवतात. मात्र हा उत्साह बहुधा वर्गाबाहेरच राहतो, कारण संलग्न महाविद्यालयांत मूल्यमापनाची योजना विद्यापीठ ठरवते. स्वायत्त महाविद्यालयांना अंतर्गत गुणांची फेरमांडणी करण्यास अधिक मोकळीक असते, आणि गुण न कापता पुन्हा सबमिशन करू देणे हा तिथे सहज करता येण्याजोगा पहिला बदल आहे.