व्याध रंग का बदलतो?

डिसेंबरअखेर रात्री आठच्या सुमारास व्याध हा तारा आग्नेयेकडे, क्षितिजापासून थोडाच वर आलेला असतो. क्षणात निळा, क्षणात तांबडा, मध्येच हिरवट! मध्यरात्री तो महाराष्ट्रातून साधारण ५५ अंशांवर दिसतो आणि बराच शांत, निळसर-पांढरा वाटतो. बदलते ती मधली हवा. १० अंश उंचीवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा साडेपाच पट हवा पार करून येतो.

या हवेत कमी-जास्त तापमानाचे थर एकमेकांत घुसळत असतात. त्यांची घनता वेगळी, म्हणून प्रत्येक ठिकाणी प्रकाश किंचित वाकतो. हौदाच्या तळाशी उन्हाच्या रेषा नाचतात, तसे ताऱ्याच्या प्रकाशाचे उजळ-मंद पट्टे जमिनीवरून सरकत जातात. अंधारात डोळ्याची बाहुली उघडते ती जेमतेम ७ मिलिमीटर. तिच्यावरून पट्टे गेले की तारा लुकलुकतो. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त वाकतो. त्यामुळे क्षितिजाजवळ रंगांच्या वाटा वेगळ्या होतात आणि प्रत्येक रंग स्वतंत्रपणे उजळतो, मंदावतो.

ग्रह शांत दिसतात, कारण ते बिंदू नसतात. अंशाचा ३६००वा भाग म्हणजे विकला. गुरूची तबकडी ३० ते ५० विकलांची, व्याधाची अवघी ०.००६. तबकडीच्या एका भागाचा प्रकाश मंदावतो तेव्हा दुसऱ्याचा वाढलेला असतो. ही खूण मात्र क्षितिजालगत वापरू नये. तिथे बुधही लुकलुकतो.

रंग सुटे पाहायचे असतील तर व्याध खाली असतानाच त्यावर द्विनेत्री (बायनॉक्युलर) धरा आणि नळीला हलकी टिचकी मारत राहा. बिंदूची रेघ होते आणि तिच्यात रंगीत मणी दिसतात. कॅमेऱ्याने टिपायचं तर १ सेकंदाचं एक्स्पोजर देऊन कॅमेरा सावकाश फिरवा. रेघ नुसतीच पांढरी आली तर प्रकाश जास्त झाला: आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) उतरवा.

मोठ्या दुर्बिणीत लुकलुक कमी होते, पण प्रतिमा फिसकटते. २ मीटर व्यासाची दुर्बीण एरवी ०.०७ विकलांचा तपशील दाखवेल. हवा तो साधारण १ विकलेपर्यंत पसरवते. लडाखमधल्या हानले इथली वेधशाळा ४५०० मीटरवर बांधण्यामागे हेही एक कारण आहे. घरच्या दुर्बिणीला मात्र बहुतेकदा जवळचीच हवा नडते. दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब रात्री उष्णता सोडतो, म्हणून मातीचं किंवा गवताचं मैदान बरं. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. आरसा बाहेरच्या हवेइतका थंड झाला नाही, तर नळीतच गरम हवेचे झोत उठतात आणि शनीची कडीसुद्धा थरथरत राहतात.