चौशिंगे सड्यावर जास्त दिसतात म्हणून तिथेच जास्त असतात का?

कोकणात कोणी म्हणेल की चौशिंग्यासारखे (चार शिंगांचे) कुरंग उघड्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, जास्त दिसतात, म्हणून दाट रान त्यांना मानवत नाही. हा समज स्वाभाविक आहे, पण त्यात दिसणे आणि असणे यांची गल्लत होते.

समजा, सडा आणि रान या दोन्ही ठिकाणी फेऱ्या मारून प्रत्येकी 50 किलोमीटर चाललो आणि सड्यावर 10, तर रानात 4 चौशिंगे दिसले. सड्यावर नजर वाटेच्या दोन्ही बाजूंना 100 मीटर पोहोचते, म्हणजे 10 चौरस किलोमीटर पाहून झाले. करवंदीच्या जाळ्यांमुळे रानात ती 20 मीटरवरच अडते, म्हणजे फक्त 2 चौरस किलोमीटर. घनता निघते दर चौरस किलोमीटरला सड्यावर 1 आणि रानात 2, अगदी उलट!

म्हणूनच अभ्यासक प्रत्येक प्राण्याचे वाटेपासूनचे काटकोनातील अंतर नोंदवतात आणि अंतरागणिक नोंदी किती घटतात यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधतात. पाणी, झाडोरा, माणसांची वर्दळ यांचा संख्येशी संबंध त्यानंतरच तपासायचा असतो. पडताळणीसाठी दोन्हीकडे सारख्या मापाचे चौकोन आखून लेंड्यांचे ढीग मोजावेत. चौशिंगा त्याच त्या जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे ढीग सापडतात, मात्र पावसाळ्यात ते वाहून जात असल्याने मोजणी कोरड्या दिवसांतच करावी.