गोंड गोवारी: नाव एक की दोन?

23 नोव्हेंबर 1994 ला काय झालं ते नागपूरकराला सांगायची गरज नाही. विधिमंडळाचं अधिवेशन चालू, गोवारी समाजाचा मोर्चा अडवलेला, चेंगराचेंगरी, 114 जीव गेले, त्यात बाया अन लेकरंच जास्त. पण ते लोक नेमकं मागत काय होते हे विचारलं की बरेच जण 'आरक्षण' म्हणून मोकळे होतात.

भानगड एका नोंदीची आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत 18 नंबरला गोंड, त्याच्यासोबत नावांची लांब रांग अन त्यात 'गोंड गोवारी'. नुसतं 'गोवारी' कुठंच नाही. समाज म्हणतो, गोंड गोवारी म्हणून वेगळं कोणी सापडतच नाही, ते आम्हीच. 1985 च्या जीआरनं मात्र दोघं वेगळे ठरवले, सर्टिफिकेटं अडली, मोर्चा त्यातूनच निघाला. इतके जीव गेल्यावर काय दिलं, तर 2 टक्क्यांच्या एसबीसीत (विशेष मागास प्रवर्गात) जागा. मग 2018 ला हायकोर्टाच्या इथल्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की गोंड गोवारी जमात 1911 च्या आधीच संपली होती, म्हणजे यादीतलं नाव गोवारींचंच. डिसेंबर 2020 मधे सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं, यादी जशी लिहिली तशीच वाचायची म्हणे. मधल्या दोन वर्षांत ज्यांना ॲडमिशन-नोकरी लागली त्यांची तेवढी राहू दिली.

यात विरोध वरच्या जातींपेक्षा आदिवासी संघटनांकडूनच जास्त झाला, याचं बाहेरच्याला नवल वाटतं. मला नाही वाटत. 1970 च्या आसपास मानसशास्त्राच्या एका प्रयोगात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या शाळेतल्या 14-15 वर्षांच्या पोरांना उगीच कशावरून तरी दोन गटात टाकलं अन पैसे वाटायला लावले, तर पोरांनी आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालवून घेतलं, पण समोरच्या गटाहून जास्त पाहिजे. तिथं तर पणाला काहीच नव्हतं. इथं ठरलेल्या टक्क्यांच्या ताटात वाढायचं आहे, गोंड-माना-हलबी पोरांच्या सीटा त्यातूनच येतात, मग त्यांनी का गप्प बसावं, हेही खोटं नाही.

उलटी गंमत म्हणजे 1901 च्या जनगणनेत जातींची वर-खाली क्रमवारी लावली तेव्हा देशभरातून अर्ज गेले होते, आम्हाला क्षत्रिय लिहा, वैश्य लिहा. शिडी तीच, सही-शिक्क्याचा फायदा तेवढा दुसऱ्या टोकाला गेला.

नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डीच्या) उड्डाणपुलाचं नाव 'आदिवासी गोवारी शहीद' असंच आहे. यादीत मात्र तसं नाही.