कोपरातला ठोका: एका धमनीचा की दोघींपैकी एकीचा?

डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे हातातल्या धमनीला शीर टाके घालून जोडणं, करायचा ठरला की सर्जन आधी मनगट बघतात. तिथल्या शिरा बारीक असतील तर कोपर. कोपराच्या खळगीत बोट ठेवलं की ठोका लागतो, आणि तो दंडाच्या मुख्य धमनीचा, म्हणजे ब्रेकियलचा, असं धरलं जातं. बहुतेक हातांत ते खरंही असतं. पण शंभरातल्या साधारण दहा-पंधरा हातांत तिथे ब्रेकियल नसतेच.

नेहमीच्या हातात ब्रेकियल कोपर ओलांडून थोडी खाली येते आणि मग फुटते: अंगठ्याकडे रेडियल, करंगळीकडे अल्नर. दुसऱ्या प्रकारात ती वर दंडातच, कधी थेट काखेजवळ फुटते. मग दंडभर दोन धमन्या शेजारी शेजारी उतरतात. हा आजार नव्हे, जन्मापासूनची ठेवण आहे. मनगटाची नाडी नीट लागते, त्रास काहीच नसतो, म्हणून माणसाला आयुष्यभर पत्ता नसतो.

फरक पडतो तो टाका घालताना. कोपरात उघडून जी धमनी हाताशी येते, ती वरून आलेली रेडियल असेल तर ब्रेकियलपेक्षा बारीक असते. तिच्यातून शिरेत रक्त कमी येतं आणि शीर फुगायला वेळ लागतो किंवा फुगतच नाही. सुया टोचायला शीर साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि तिच्यातून मिनिटाला सुमारे ६०० मिलिलिटर रक्त वाहणारी हवी, असा ढोबळ हिशोब आहे. वर फुटलेल्या धमनीवरचे फिस्टुला जास्त बंद पडतात असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत फरक दिसला नाही. माझ्या मते धमनी कुठे फुटली यापेक्षा ती किती रुंद आहे हे जास्त महत्त्वाचं. एक फायदाही संभवतो: दुसरी धमनी मोकळी असल्याने हाताचं रक्त फिस्टुलाकडे पळून बोटं गार पडण्याचा धोका कमी.

मनगटावरच फिस्टुला होणार असेल तर या भानगडीचा फारसा संबंध येत नाही. रेडियल कुठूनही येवो, मनगटाशी २ मिलिमीटरच्या वर असली की बहुधा चालते.

दोन्ही प्रकार ओळखायला डॉप्लर सोनोग्राफी पुरते, मात्र प्रोब कोपराशी थांबवायचा नाही, काखेपर्यंत न्यायचा. दंडाच्या मध्यावर आडवा धरला की पडद्यावर धडधडणारा ठिपका एक आहे की दोन ते दिसतं. दाबल्यावर चपटी होते ती शीर. धमनी दबत नाही. वाळपई-काणकोणहून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येणाऱ्या माणसाला फिस्टुला फसल्यावर गळ्यातल्या डायलिसिसच्या नळीवर आणखी महिने काढावे लागतात, त्यापुढे या तपासणीची दहा मिनिटं काहीच नाहीत. आणि दोन्ही हात बघायला सांगा: ही ठेवण बऱ्याचदा एकाच हातात असते.