चौदाव्या वर्षीची तपासणी आणि पुढची वाट

‘विद्यार्थी’ हा शब्द वाचताना आपल्याला काहीच श्रम पडत नाहीत. सावकाश पाहिले तर मात्र ध्यानात येते की त्यातील पहिली वेलांटी ‘व’च्या आधी काढलेली असली तरी तिचा उच्चार ‘व’नंतर होतो, ‘द’ आणि ‘य’ एकमेकांत मिसळले आहेत, आणि ‘थ’च्या डोक्यावर बसलेला रफार बोलताना ‘थ’च्या आधी येतो. सरावलेल्या वाचकाचा मेंदू ही उलटापालट क्षणात लावून घेतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाशी संबंधित अध्ययन अक्षमता, असलेल्या मुलाला चिन्ह आणि ध्वनी यांची सांगड घालण्यासाठी दर वेळी नव्याने झगडावे लागते. मेंदूच्या प्रतिमांवर आधारित संशोधनात अशा मुलांच्या डाव्या गोलार्धातील वाचनाशी निगडित भाग तुलनेने कमी सक्रिय असल्याचे वारंवार दिसून आले आहे. या अडचणीचा अर्थ बुद्धी कमी असा होत नाही. लेखनाशी संबंधित डिसग्राफिया आणि आकड्यांशी संबंधित डिसकॅल्क्युलिया यांनाही हेच लागू आहे.

अशा मुलाची शाळा एका दिवसात सुटत नाही. आधी चाचणीच्या दिवशी पोट दुखू लागते, मग आठवड्यातून दोन दिवस खाडा होतो, आणि नववीचा निकाल हाती आला की घरचेच म्हणतात, ‘याचे शिक्षणात डोके नाही, कामाला तरी लावू.’ यामागे केवळ नापास होणे असते असे मला वाटत नाही. हा सगळा त्रास सोसून पुढे आपल्यासाठी काही आहे, याची खात्री त्या मुलाला कोणी दिलेलीच नसते. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 साली स्वक्षमतेची कल्पना मांडली. ‘हे मला जमेल’ हा विश्वास सर्वाधिक वाढतो तो स्वतः एखादे काम तडीस नेल्याच्या अनुभवाने, हे त्यांचे म्हणणे पुढे 1994 मध्ये लेंट, ब्राउन आणि हॅकेट या संशोधकांनी व्यवसायनिवडीला लावून दाखवले. वर्षानुवर्षे लाल शेऱ्यांच्या वह्या पाहिलेल्या मुलाकडे नेमका हाच अनुभव नसतो.

म्हणून करिअर मार्गदर्शन दहावीच्या निकालानंतरची गोष्ट न राहता सातवी-आठवीत सुरू व्हायला हवे. मात्र ते कसे द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. रूढ कल चाचणीत छापील विधानांची लांबलचक यादी असते. ‘यंत्राची अंतर्गत रचना समजून घ्यायला मला आवडते’ या विधानापुढे तीन-चार पर्यायांतून एकावर खूण करायची असते. वाचायला वेळ लागणारा मुलगा पहिली दहा विधाने प्रामाणिकपणे सोडवतो आणि मग इतर मुले उठू लागल्यावर उरलेल्या सगळ्या खुणा एकाच रकान्यात करून कागद देऊन टाकतो. अशा कागदावरून निघालेला ‘कल’ हा त्याच्या आवडीचा नसून त्याच्या थकव्याचा असतो. विधाने मोठ्याने वाचून दाखवली आणि उत्तर तोंडी घेतले, तर तीच चाचणी बरेच काही सांगू शकते.

त्याहून अधिक कळते ते प्रत्यक्ष काम देऊन. तीन पिनांचा एक प्लग, वायरचा तुकडा आणि पेचकस समोर ठेवावा आणि एकदा करून दाखवावे: हिरवी वायर अर्थिंगच्या जाड पिनेला, लाल फेजला, काळी न्यूट्रलला. मुलगा वायर किती सोलतो, तिचे तंतू पिळून घेतो का, स्क्रू आवळल्यावर ओढून पाहतो का, हे अर्ध्या तासात दिसते.

इथे एक काळजी घ्यावी लागते. ‘वाचता येत नाही ना, मग हाताचे काम शिकव’ हा सल्ला सोपा असला तरी अन्यायकारक आहे. सुतारकामात इंच आणि सूत यांचा हिशेब सतत करावा लागतो, त्यामुळे डिसकॅल्क्युलिया असलेल्या मुलीला ते काम वाणिज्य शाखेइतकेच अवघड जाऊ शकते. याउलट, ज्याची अडचण केवळ हस्ताक्षराची आहे अशा मुलाला संगणकावर लिहू दिले, तर त्याने कायद्याचा अभ्यास का करू नये?

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या या अडचणींचा, समावेश झाला. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट अशा उपायांचा उल्लेख या कायद्यात आहे, आणि 40 टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलांना 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्कही आहे. शिक्षण हक्क कायदा 14 व्या वर्षी थांबतो, त्यापुढची ही चार वर्षे फार मोलाची आहेत. 2018 साली जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी या मुलांची 14 व्या आणि 18 व्या वर्षी फेरतपासणी ठरवून दिली. पालक 14 व्या वर्षी केवळ प्रमाणपत्रासाठी रुग्णालयात खेटे घालतात. माझ्या मते त्याच वेळी मूल, पालक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक यांनी एकत्र बसून पुढच्या वाटांचा विचार करावा.

कारण सवलत घेतानाच काही वाटा बंद होतात. काही परीक्षा मंडळे अशा मुलांना गणिताऐवजी दुसरा विषय घेऊ देतात, आणि तो दिलासा अनेकांना शाळेत टिकवून धरतो. मात्र आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडसाठी विज्ञान व गणितासह दहावी लागते, तर वायरमन, वेल्डर, प्लंबर अशा काही ट्रेडना आठवी उत्तीर्ण पुरते. प्लग नीट जोडणाऱ्या त्या मुलाला हा फरक नववीचे विषय ठरण्यापूर्वी समजला, तर गणित सोडायचे की कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ घेऊन नेटाने पुढे न्यायचे, हे तो स्वतः ठरवू शकेल.