इरप्शन

आतून फुटून बाहेर येणे या अर्थाचा इंग्रजी शब्द. मराठीत प्रसंगानुसार उद्रेक, उद्गिरण, फुटणे, उठणे. हे नाम इंग्रजीत साधारणपणे पंधराव्या शतकापासून आढळते. ‘इरप्ट’ हे क्रियापद नंतरचे असून ज्वालामुखीसाठी ते बहुधा अठराव्या शतकात रुळले.

मूळ लॅटिन. ‘ए’ म्हणजे बाहेर, ‘रुम्पेरे’ म्हणजे तोडणे, फोडणे. वेढा फोडून शत्रूवर तुटून पडणाऱ्या सैन्याच्या मुसंडीलाही रोमन लेखक ‘एरुप्तिओ’ म्हणत. रप्चर, अब्रप्ट, इंटरप्ट, करप्शन हे याच कुळातले; बसचा ‘रूट’ म्हणजे मुळात ‘फोडून काढलेली वाट’.

‘रुम्पेरे’चे संस्कृत नाते अनेक तौलनिक भाषाशास्त्रज्ञ रुप्/लुप् (तोडणे, मोडणे) धातूशी जोडतात. ‘लुटणे’ अर्थाचे जर्मानिक शब्द याच मुळाचे की वेगळ्या, याबद्दल मतभेद आहेत. र आणि ल यांची अदलाबदल संस्कृतला नवी नाही; ‘रलयोरभेदः’ हे वचन प्रसिद्धच आहे. त्याहून बळकट पुरावा रूपांचा. लॅटिनमध्ये वर्तमानात ‘रुम्पो’, भूतकृदंतात ‘रुप्तुस’. संस्कृतात ‘लुम्पति’, पण ‘लुप्त’. अनुनासिक (म्) दोन्हीकडे वर्तमानात येतो आणि कृदंतात गळतो. पाणिनीने हा आगम, म्हणजे मध्ये घातलेला वर्ण, ‘शे मुचादीनाम्’ (७.१.५९) या सूत्राने सांगितला आहे. हे साम्य योगायोगाचे मानणे कठीण आहे. मग ‘अदर्शनं लोपः’ (१.१.६०) मधला लोप, म्हणजे दिसेनासे होणे, हा इरप्शनचा सख्खा नातलग ठरतो, अर्थ जवळजवळ उलटा असला तरी.

‘उद्रेक’ मात्र वेगळ्या घरातला. रिच् म्हणजे रिकामे करणे, सोडणे; त्यातूनच रिक्त, अतिरेक, विरेचन. उद्रेक म्हणजे मुळात आधिक्य. आयुर्वेदातील पित्ताचा उद्रेक किंवा विश्वनाथाच्या साहित्यदर्पण या काव्यशास्त्रावरील ग्रंथातील सत्त्वोद्रेक (सत्त्वगुणाचे आधिक्य) यांत काहीच फुटत नाही, वाढते. प्रतिशब्द म्हणून तो आता पक्का झाला आहे, पण तुटण्याची मूळ कल्पना ‘फुटणे’ या साध्या मराठी क्रियापदात जास्त नेमकी उतरते.

पुण्याच्या पायाखालचा खडक याला साक्ष आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा शंकूच्या तोंडातून नव्हे, बहुतांशी जमिनीच्या लांब भेगांतून बाहेर आला. पाताळेश्वराचे लेणे याच काळ्या बेसाल्टमध्ये कोरलेले आहे. परिसरातल्या टेकड्यांवर खडकाचा ताजा तुकडा उचलला तर वाटाण्याएवढी भोके दिसतात. लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची ती जागा. पुष्कळदा त्यांत झिओलाइट हे पांढरे खनिज भरलेले असते.

वैद्यकात अंगावर पुरळ उठणे आणि हिरडीतून दात वर येणे, दोन्हींना हाच शब्द. ‘इर्रप्शन’ हा उच्चाराने जवळचा शब्द वेगळा आहे: तो बाहेरून आत घुसण्यासाठी वापरतात.